पार्टी सांभाळणारा शाहीर

शाहीर साबळे म्हटलं की आधी आवाज आठवतो, आणि त्या आवाजातलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’. शब्द राजा बढे यांचे, चाल श्रीनिवास खळे यांची, आणि २०२३ पासून ते महाराष्ट्राचं राज्यगीत. या पुस्तिकेत मात्र त्या आवाजाबद्दल फारसं काही नाही. ती लिहिणारी मंडळी सुरतेच्या गोडादऱ्याची. कुणी कापड मार्केटात हिशेब लिहितो, कुणी लूमवर जातो, कुणी महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवतो. त्यांनी पार्टी चालवणारे साबळे निवडले. ज्याला तारखा घ्याव्या लागतात, गाडी ठरवावी लागते, कपडेपटाच्या ट्रंका उतरल्या की नाही ते पाहावं लागतं, ढोलकीवाला रुसला तर त्याची समजूत काढावी लागते, कलाकारांची नाइट चुकती करावी लागते, आणि एवढं उरकून तिसरी घंटा झाली की स्वतःच फेटा बांधून लोकांसमोर उभं राहावं लागतं, त्या माणसाबद्दलची ही पुस्तिका आहे.

प्रस्तावना लिहाल का, असं विचारायला ही मंडळी आली तेव्हा मी उलट विचारलं, साबळेच का? खानदेशी माणसाला फडमालकांचा दुष्काळ आहे का? भिका-भीमा सांगवीकरांचा तंबू, आनंद महाजन जळगावकरांचा तंबू, अशी नावं ऐकत तुम्ही-आम्ही मोठे झालो. मग पश्चिम महाराष्ट्रातल्या शाहिराकडे कशाला जायचं? पहिल्या लेखाच्या मथळ्यातच उत्तर होतं: अमळनेर.

साबळे मूळचे सातारा जिल्ह्यातल्या वाईजवळच्या पसरणीचे. पूर्ण नाव कृष्णराव गणपतराव साबळे, जन्म ३ सप्टेंबर १९२३. घरात भजनाचं वातावरण. गावात प्राथमिक शाळा झाली आणि पुढच्या शिक्षणासाठी पोराला पाठवलं ते थेट खानदेशात, अमळनेरला, मामाकडे. तिथलं शिक्षण सातवीच्या पुढे सरकलं नाही. पण त्या काळचं अमळनेर हीच एक शाळा होती. प्रताप मिलचा भोंगा, मिलमजुरांच्या सभा, काँग्रेसच्या प्रभातफेऱ्या, आणि या सगळ्यात साने गुरुजी. गुरुजींनी प्रताप हायस्कूलमधली नोकरी १९३० सालीच सोडली होती, तरी अमळनेरशी त्यांचं नातं तुटलं नव्हतं. गाता गळा असलेला हा मुलगा त्यांच्या सहवासात आला आणि सभेत गाऊ लागला.

सभेआधी गाणं म्हणणाऱ्याला एक गोष्ट फार लवकर कळते: लोक आपल्यासाठी आलेले नाहीत. कुणी उठबस करतो, कुणी पोराला हाका मारतो, मागचे पुढे सरकायला तयार नसतात. त्या गर्दीला दोन कडव्यांत बसवायचं, तिसऱ्यात आपल्या बाजूला घ्यायचं, आणि वक्ता आला की नेमकं थांबायचं. पुढे आयुष्यभर साबळ्यांनी जे केलं त्याची तालीम मला इथे दिसते. गळा उपजत असेल. पण थांबायचं कधी, हे सभेनंच शिकवलं असणार.

आता हे अमळनेर गोडादऱ्याला का लागून आहे, ते गोडादऱ्यात सांगावं लागत नाही. पण पुस्तिका बाहेरही वाचली जाईल म्हणून लिहितो. विसाव्या शतकाच्या अगदी तोंडावर सुरतेपासून अमळनेरपर्यंत तापी व्हॅली रेल्वेची लाइन पडली. कापसाच्या मुलखातून जाणारी ही लाइन पुढे माणसांची झाली. नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव. ही स्टेशनं झोपेतही ओळीनं म्हणणारा माणूस इथे प्रत्येक गल्लीत आहे. पाऊस दगा द्यायचा, कोरडवाहूत भागायचं नाही, मग भुसावळकडून येणाऱ्या गाडीत बसायचं आणि उधन्याला उतरायचं. आधी उधना, मग लिंबायत, मग डिंडोली आणि गोडादरा, अशी ही वस्ती पूर्वेकडे सरकत गेली. गोडादरा हे एकेकाळचं वेगळं गाव. शहर वाढत त्याच्यापर्यंत आलं आणि महापालिकेनं त्याला पोटात घेतलं. आज इथे दुकानांच्या पाट्या गुजरातीत, भांडणं हिंदीत आणि घरातलं बोलणं अहिराणीत चालतं. लिंबायत मतदारसंघातून संगीता पाटील विधानसभेवर निवडून जातात, यावरून इथल्या मतदारयादीचा अंदाज यावा.

साबळे म्हणजे पसरणीहून अमळनेर, अमळनेरहून पुन्हा घाटावर आणि तिथून मुंबई. गाव सोडलेल्या माणसानं गाव सोडलेल्या माणसांसाठी उभा केलेला खेळ, असं त्यांच्या कारकिर्दीचं वर्णन मी करीन, आणि पुस्तिकेतले जे लेख या दिशेनं जातात ते मला सर्वांत सरस वाटले.

मधल्या काळाबद्दल थोडक्यात. शाहिरीचे धडे त्यांनी शाहीर शंकरराव निकम यांच्याकडून घेतले. बेचाळीसच्या चळवळीत पोवाडे गायले. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठलमंदिर दलितांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं, त्याच काळात साबळ्यांनी आपल्या पसरणीत भैरवनाथाचं देऊळ सर्वांना उघडं व्हावं म्हणून खटपट केली. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शाहिरांची जी फळी उभी राहिली तिच्यात ते होते. हे सगळं इतरत्र भरपूर लिहिलं गेलं आहे आणि त्यांच्या ‘माझा पवाडा’ या आत्मचरित्रातही वाचायला मिळतं.

या फळीतल्या इतरांत आणि साबळ्यांत मला एक फरक दिसतो, आणि तो पैशाचा आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक १९४४ सालचं. त्याच्या पाठीशी पक्ष होता, कामगार संघटना होत्या. राष्ट्र सेवादलाच्या कलापथकामागे सेवादल होतं. तिथले लोक अर्धपोटी राहिले, तुरुंगात गेले, त्यांचा त्याग कमी लेखायचं कारण नाही. पण खेळ कुणासाठी आणि कुठे करायचा हे ठरवायला तिथे कुणीतरी होतं. ‘शाहीर साबळे आणि पार्टी’ला असा आधार नव्हता. तिकीट विकलं गेलं पाहिजे, नाहीतर कुणीतरी सुपारी दिली पाहिजे. गणेशोत्सव, सत्यनारायण, गावची जत्रा, मिलच्या दारातला चौक, मग नाट्यगृह. पंधरा-वीस माणसांची चूल त्या तारखांवर पेटायची. कलावंत म्हणून विचार करायला सकाळ आणि मालक म्हणून विचार करायला रात्र, अशी सोय या धंद्यात नसते. दोन्ही एकाच वेळी करावं लागतं.

इथे तमाशाची पार्श्वभूमी लक्षात घ्यायला हवी. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांच्या सरकारनं तमाशावर बंदी घातली होती. ती उठली ती अटी घालून: संहिता तपासून घ्या, अश्लील काही नको. फडांवर ही कुऱ्हाड होती, पण शहरी निर्मात्यांना तिच्यातून एक वाट दिसली. गण, गवळण, बतावणी, वग हा तमाशाचा सांगाडा घ्यायचा, त्याला पांढरपेशा कुटुंबाला बायका-मुलांसह बघता येईल असं रूप द्यायचं आणि ‘लोकनाट्य’ म्हणायचं. या व्यवहारात ज्यांचा सांगाडा घेतला त्या कोल्हाटी, महार, मांग कलावंतांच्या पदरात काय पडलं, हा प्रश्न राहतोच. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला आणि शेवटचे दिवस हलाखीत गेले. साबळ्यांवरच्या पुस्तिकेत हे लिहायला नको होतं असं कुणाला वाटेल. मला वाटतं, नेमकं इथेच लिहायला हवं.

साबळ्यांनी आपल्या खेळाला नाव दिलं मुक्तनाट्य. १९६० साली ‘यमराज्यात एक रात्र’ आलं. पुढे ‘आंधळं दळतंय’, ‘असुनी खास मालक घरचा’ असे खेळ येत गेले. राजा मयेकर आणि सुहास भालेकर यांच्यासारखे नट या पार्टीत घडले. साबळे-मयेकर जोडी बघायला लोक गर्दी करत. घरातून भानुमती साबळे यांची लेखणी मिळाली, हा या पार्टीचा मोठा आधार. मुक्तनाट्याची घडण निर्मात्याच्या फायद्याची होती, हेही सांगितलं पाहिजे. गोष्ट सैल असते. सकाळच्या पेपरातली बातमी रात्रीच्या बतावणीत घालता येते. एखादा नट आला नाही तर त्याचा प्रवेश उडवून गाणं वाढवता येतं. नेपथ्य जुजबी, साथीला ढोलकी, हार्मोनियम, टाळ, तुणतुणं. त्यामुळे खेळ कुठेही लागतो आणि जुना होत नाही. याच सुमारास, १९६५ साली, वसंत सबनीसांचं ‘विच्छा माझी पुरी करा’ घेऊन दादा कोंडके उभे राहिले आणि त्यांनी त्याचे दीड हजारांवर प्रयोग केले. दोघांचा प्रेक्षक एकच, गिरणगावचा. दादांनी पुढे सिनेमाची वाट धरली. साबळे रंगमंचावरच राहिले. मधल्या काळात त्यांनी मोबाइल थिएटरचा धाडसी प्रयोगही करून पाहिला. नाट्यगृहापर्यंत प्रेक्षक येत नसेल तर नाट्यगृहच प्रेक्षकाकडे न्यायचं, ही त्यामागची कल्पना. ज्यांना गोडादऱ्याहून तापीपलीकडे पालला, संजीवकुमार ऑडिटोरियमपर्यंत, रात्रीचं परतायचं कसं हा प्रश्न पडतो, त्यांना या कल्पनेतली निकड लगेच कळेल.

‘आंधळं दळतंय’वरचा लेख मी पुन्हा पुन्हा वाचला. खेळ १९६६ चा. मुंबईतल्या मराठी माणसाची परवड हा त्याचा विषय: पीठ हा दळतो आणि दुसरेच खाऊन जातात. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेना स्थापन झाली आणि तिच्यासाठी हवा तापवण्यात या मुक्तनाट्याचा वाटा होता, असं अनेकांनी नोंदवलं आहे. आता हाच खेळ गोडादऱ्यात वाचा. इथे आपण कोण? इथे दळायला आलेले आपणच. शेजारी उत्तर प्रदेशचा, पलीकडे ओडिशाचा, वरच्या मजल्यावर राजस्थानचा, आणि चौघांचाही दाखला बाहेरगावचा. लेख लिहिणाऱ्यानं हे अवघडलेपण टाळलेलं नाही. ‘मुंबईतला प्रेक्षक टाळी वाजवायचा त्या जागी माझा हात उठला नाही,’ असं तो लिहितो. मी त्याच्या जागी असतो तर आणखी पुढे गेलो असतो. गाजलेल्या खेळाचा निर्माता प्रेक्षकाच्या मनातलं बोलतो तेव्हा त्याला टाळी आणि गल्ला दोन्ही मिळतात. ते बोलणं पुढे कुणाच्या कामाला येतं, यावर त्याचा ताबा राहत नाही. साबळे हे साने गुरुजींच्या सावलीत वाढलेले. गुरुजींची माणसं जोडण्याची भाषा आणि ‘आंधळं दळतंय’ची तक्रारीची भाषा एकाच माणसाच्या तोंडी कशी नांदली, हा साबळ्यांच्या चरित्रातला खरा अवघड प्रश्न आहे. पुस्तिका त्याचं उत्तर देत नाही, पण प्रश्न झाकतही नाही.

मग आली ‘महाराष्ट्राची लोकधारा’.

गोष्ट नाही, नायक-नायिका नाहीत, वग नाही. वासुदेव, जात्यावरची ओवी, कोळीनृत्य, धनगरी गजा, बाल्या नाच, मंगळागौर, वाघ्या-मुरळी, गोंधळ, भारूड, लावणी, पोवाडा, असं सगळं एका संध्याकाळच्या दोरीत ओवलेलं. जगाच्या रंगभूमीवर या जातीच्या खेळाला मोठा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या फ्लोरेन्झ झिगफेल्डनं १९०७ पासून गाणी, नाच आणि नकलांचे झगमगीत वार्षिक खेळ काढले, त्यावर अमाप पैसा केला, १९२९ च्या शेअरबाजारात तो घालवला आणि १९३२ साली कर्ज मागे ठेवून गेला. तिकडे भर होता पिसांच्या मुकुटांवर आणि जिन्यांवरून उतरणाऱ्या सुंदऱ्यांवर. साबळ्यांच्या खेळात भर होता घोंगडीवर. पण कारागिरी एकाच घराण्यातली: कथेची मदत न घेता लोकांना अडीच तास खुर्चीत बसवून ठेवायचं.

ही कारागिरी बाहेरून दिसत नाही म्हणून तिच्याबद्दल थोडं सविस्तर. अशा खेळात क्रम हाच लेखक असतो. लावणीनंतर लगेच गोंधळ ठेवला तर गोंधळ थंड पडतो. गोंधळानंतर लगेच लावणी ठेवली तर लोकांना चुकल्यासारखं वाटतं. दोहोंमध्ये काहीतरी हसवणारं हवं. कोळ्याचा वेश उतरवून वारकऱ्याचा चढवायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ निवेदकानं बोलायचं. जास्त बोलला तर प्रेक्षक मुलाला बाहेर घेऊन जातो, कमी बोलला तर आत कुणाचं धोतर सुटतं. तीच पंधरा पोरं दहा मिनिटांपूर्वी धनगर होती आणि आता दिंडीत आहेत, हे कळूनही खपलं पाहिजे. मध्यंतराआधीचं गाणं असं हवं की चहा पिताना लोक ते गुणगुणतील. आणि शेवट उभं राहून टाळी वाजवावी असा. हे सगळं कागदावर नाही बसवता येत. प्रयोगागणिक विंगेत उभं राहून, कुठे खोकला वाढला ते ऐकून, बदलावं लागतं.

त्या पंधरा पोरांत पुढे नाव काढलेले बरेच होते. साबळ्यांचे नातू केदार शिंदे, अंकुश चौधरी, भरत जाधव ही मंडळी लोकधारेच्या समूहात नाचली. पुढे केदार शिंद्यांनी २०२३ मध्ये ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट काढला आणि त्यात आजोबांची भूमिका केली ती अंकुश चौधरींनी. गोडादऱ्यातल्या वीस वर्षांच्या मुलाला साबळे माहीत आहेत ते बहुधा त्या चित्रपटातल्या अजय-अतुल यांच्या गाण्यावरच्या रीलमुळे. त्यालाही हरकत नाही. दार कुठलं का असेना.

लोकधारेवर आक्षेपही आहेत, आणि ते खरे आहेत. जागरण रात्रभराचं असतं. घरात कुणाचं तरी लग्न झालेलं असतं, खंडोबाचं देणं फेडायचं असतं, दिवटी पेटलेली असते. ते सहा मिनिटांत आटोपलं की उरतो तो नाच. बाल्या नाचणाऱ्यांचा घाम, त्यांची सवाल-जवाबांतली चुरस, दोन वाड्यांमधलं वैर, यातलं काही नाट्यगृहात येत नाही. रंगीत फेट्यांचा एक गुळगुळीत महाराष्ट्र तयार होतो आणि पुढे तोच सरकारी समारंभांत, शाळांच्या गॅदरिंगमध्ये, स्वागतगीतांत फिरत राहतो. साबळ्यांना याचा सगळा दोष देता येणार नाही. पण हा साचा त्यांच्याकडून लोकांनी उचलला, हे नाकारताही येणार नाही. माझं मत विचाराल तर, जे रात्रभराचं होतं ते रात्रभर ऐकायला माणूसच गावात राहिला नव्हता. तो दुसऱ्या पाळीला गेला होता. सहा मिनिटं त्याला परवडत होती.

आणि तो माणूसही मुंबईत राहिला नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. ज्या प्रेक्षकाच्या जिवावर मुक्तनाट्य उभं होतं तो गावी गेला, नाहीतर रिक्षा चालवू लागला. ऐंशीच्या दशकात लोकधारेला जो मध्यमवर्गीय, नाट्यगृहात तिकीट काढून येणारा आणि सुपारी देणारा प्रेक्षक मिळाला तो वेगळा होता. कामगार प्रेक्षक संपला का? तो कापडामागे गेला. मुंबईत लूम बंद पडत होते त्याच वर्षांत सुरतेत पॉवरलूम वाढत होते, आणि अमळनेरची प्रताप मिलही पुढे थंडावली. ज्या मिलच्या भोंग्याखाली साबळे लहानाचे मोठे झाले तिथल्या मजुरांची नातवंडं आज उधना-लिंबायतमध्ये बारा-बारा तासांची पाळी करतात. प्रेक्षक इकडे आला. निर्माता आला नाही. माझ्या समजुतीप्रमाणे हीच या पुस्तिकेची खरी तक्रार आहे, जरी तिच्या लेखकांनी ती इतक्या उघडपणे मांडलेली नसली.

नाही म्हणायला करमणूक भरपूर आहे. गणपतीत ऑर्केस्ट्रा असतो, शिवजयंतीला डीजे असतो, लिंबायतच्या नीलगिरी मैदानावर मोठे कार्यक्रम होतात. लग्नात खानदेशातून बँड येतो आणि ‘हाई झुमकावाली पोर’ वाजल्याशिवाय वरात हलत नाही. मोबाइलवर अहिराणी गाण्यांना लाखोंनी, कधी कोटींनी प्रेक्षक आहेत. हे सगळं तुकड्या-तुकड्यानं आहे. ते तुकडे एका संध्याकाळीत ओवणारा, तिकीट लावायची हिंमत करणारा, दहा वर्षं पार्टी टिकवणारा माणूस नाही. साबळ्यांनंतर महाराष्ट्रात ही हिंमत मोठ्या प्रमाणावर केली ती अशोक हांडे यांनी. ‘मंगलगाणी दंगलगाणी’, ‘आवाज की दुनिया’, ‘मराठी बाणा’ असे एकाहून एक भव्य कार्यक्रम त्यांच्या ‘चौरंग’नं केले. हांडे वाशीच्या बाजारात आंब्याचा व्यापारही करतात. मला ही माहिती नुसती मौजेची वाटत नाही. आज रात्री रिकामी गेलेली खुर्ची उद्या विकता येत नाही, हे नासणाऱ्या मालाचा व्यापार करणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. पुस्तिकेत हांड्यांवर एक छोटं टिपण आहे. ते मोठं हवं होतं.

गोडादऱ्यात असा खेळ उभा करायचा तर एक अट कायद्यानंच घातली आहे. रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. नवरात्रात गरब्याला बारापर्यंत सूट मिळते, ती आपल्या वगाला मिळेलच असं नाही. दिवसपाळी संध्याकाळी सुटते, सकाळी पुन्हा लागते. म्हणजे साडेसात ते दहा, अडीच तास. तमाशाचा फड पहाटेपर्यंत चालायचा, खानदेशी वही गायन रात्र काढायचं. त्यातलं काहीही इथे जसंच्या तसं लावता येणार नाही. साबळ्यांनी नाट्यगृहाच्या वेळेसाठी जे कापलं-जोडलं, तेच इथे मोकळ्या प्लॉटवरच्या मांडवात करावं लागेल. म्हणून या मंडळींनी शाहिराची चरित्रकथा बाजूला ठेवून त्याच्या कामाची रीत अभ्यासली, हे योग्य झालं.

पद्मश्री १९९८ साली मिळाली, त्याआधी संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. २० मार्च २०१५ रोजी साबळे गेले. पुस्तिकेत याची यादी आहे, ती शाळेतल्या मुलांच्या उपयोगी पडेल. मोठ्यांनी मात्र शेवटचा भाग आधी वाचावा. त्यात या मंडळींनी स्वतःच्या कार्यक्रमाचा कच्चा आराखडा छापला आहे, अहिराणीतल्या निवेदनासकट. ओवी, वही, सोंगाड्या, बँड, लग्नातली गाणी, आणि श्रावणातल्या कानबाईची रात्र. नागपंचमीनंतरच्या रविवारी रोट खाऊन बायका रात्रभर गातात आणि सोमवारी सकाळी देवीला निरोप देतात, ते सगळं त्यात आहे.

आराखडा लांबला आहे. अडीच तासांत हे मावणार नाही. बँडचा भाग दोनदा आला आहे, एकदा पुरे. ऊसतोडणीवरचं गाणं चांगलं आहे पण ते लग्नाच्या गाण्याला खेटून ठेवलं तर पडेल. मध्ये सोंगाड्याला आणा. निवेदन निम्मं करा, गोडादऱ्याच्या प्रेक्षकाला खानदेश समजावून सांगायची गरज नाही. तिकीट ठेवा, पन्नास रुपयांचं का असेना, कारण फुकट कार्यक्रमाला माणूस उशिरा येतो आणि लवकर उठतो. कलाकारांची नाइट आधी ठरवा आणि त्याच रात्री द्या. पहिले चार प्रयोग तोट्यात जातील असं धरून चला. आणि कानबाईचा भाग कापायची पाळी आली, तर त्याच्याऐवजी पोवाडा कापा.